गॅस खाली बसतो

मास्तरीणबाईंनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. त्या शिवणकाम करायच्या. मास्तर होते ते त्यांचे यजमान, आणि तेही शाळेतले नव्हेत, गॅसचे. सिलेंडरच्या एजन्सीत एकतीस वर्षं त्यांनी शेगड्या जोडल्या, गळत्या काढल्या आणि नव्याने लागलेल्या फिटर लोकांना धडे दिले. त्या धड्यांवरून लोक त्यांना मास्तर म्हणू लागले, आणि मास्तरांची बायको म्हणून या मास्तरीणबाई झाल्या. हातात एवढी कला असून बाईला नाव मिळालं ते नवऱ्याच्या पान्यावरून. पण हे खटकतं असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. न बोललेल्या अशा पुष्कळ गोष्टी त्यांच्यापाशी घड्या घालून ठेवलेल्या होत्या.

मास्तरांचा पहिला धडा तीन शब्दांचा होता : गॅस खाली बसतो. हवेपेक्षा जड असतो, गळला की सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, कोपऱ्यात साचतो. म्हणून संशय आला की नाक जमिनीशी न्यायचं. सिलेंडरच्या गॅसपुरतं हे शंभर टक्के खरं होतं, आणि या धड्याने कितीतरी घरं वाचली होती, हेही खरं. स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांनी दाराशेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, भिंत फोडून जाळी बसवली होती. आल्यागेल्याला ते ती वाकून दाखवायचे. "माणसांचं दार ते, गॅसचं दार हे." लोक कौतुकाने मान डोलवायचे. थंडीच्या दिवसांत त्या दारातून येणारा वारा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या घोट्यांना झोंबायचा, पण घोटे काही पाहुण्यांना दाखवायची वस्तू नव्हे.

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली मास्तरांची : त्यांची खुर्ची, टीव्ही, फ्रिज, भिंतीवर एजन्सीने निवृत्तीला दिलेलं घड्याळ. मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या अर्ध्या भागावर पोटमाळा. त्या जाळीला लागूनच असलेल्या नऊ पायऱ्यांच्या लाकडी जिन्याने वर गेलं की मास्तरीणबाईंचं शिलाई मशीन. तिथे ताठ उभं राहता यायचं नाही. स्टुलावर बसलं की छत डोक्यापासून दोन हातांवर. न उघडणारी एक काच होती, उजेडापुरती, आणि छताला लागून एक लहानसा झरोका. मशीन पायाचं होतं. त्यांनी दोनदा मोटर बसवायचं काढलं होतं. "पाय आहेत ना?" मास्तर म्हणाले होते. "डॉक्टर लोकांना चाला म्हणून सांगतात. तू तर बसल्या बसल्या चालतेस. नशीबवान आहेस."

मग गल्लीत पाइपचा गॅस आला.

जोडणी करायला कंपनीचा जो फिटर आला त्याचा चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला असायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव चष्मेवाला ठेवलं. चाळिशीचा, कामाला चोख, बोलायला मऊ. पण मास्तरांना त्याच्यात पहिल्या क्षणापासून खोट दिसली : त्याने मास्तरांना ओळखलं नाही.

"काका, ही खालची जाळी असू दे," तो म्हणाला, "पण वरचा झरोका कायम उघडा हवा. हा गॅस हलका असतो. वर जातो."

"गॅस खाली बसतो," मास्तर म्हणाले.

"सिलेंडरचा, काका. हा वेगळा."

"गॅस तो गॅस. तुझ्यासारखे छप्पन्न मी तयार केलेत."

चष्मेवाला हसला आणि त्याने वाद सोडून दिला. कागदावर मास्तरांची सही घेतली. कागदात झरोका उघडा ठेवण्याचंही कलम होतं. जाता जाता मात्र तो जिन्यापाशी थांबला आणि वर बघत म्हणाला, "मावशी, दिवसभर इथेच बसता?"

त्या घरात गॅसबद्दल बोलताना त्यांच्याकडे तोंड करून कुणी बोललं, असं पहिल्यांदाच घडत होतं. "हो. का रे?"

"मग गळती झाली तर गॅस आधी तुम्हाला भेटणार. छताशी साचतो आणि वरून खाली भरत येतो. शंभर भाग हवेत पाच भाग गॅस झाला की धोका. मग एक ठिणगी पुरते. दिव्याचं बटण दाबलं तरी आतल्या आत ठिणगी पडते. वास आला की बटणाला हात लावायचा नाही, दारं उघडायची, बाहेरचा कॉक बंद करायचा. दांडी पाइपला आडवी म्हणजे बंद. आणि एक, नाकावर फार विसंबू नका. थोडा वेळ वासात बसलं की नाकाला तो कळेनासा होतो."

त्याने तातडीच्या नंबरचा स्टिकर जिन्याच्या कठड्यावर चिकटवला आणि तो गेला.

गल्लीचं वळण तो ओलांडतो न ओलांडतो तोच मास्तरांनी हातोडी काढली. झरोक्यावर प्लायवूडची फळी ठेवून चार कोपऱ्यांना चार आणि वरच्या कडेला मधोमध एक खिळा ठोकला. "धूळ येते वरून. आणि काल आलेला पोऱ्या मला शिकवतो!" चाळिशीचा माणूस त्यांना पोऱ्या वाटला यात नवल नव्हतं; मास्तरांच्या लेखी जगात एकच मोठा माणूस होता.

"अहो, राहू द्या ना उघडा. त्याने सांगितलंय ते..."

"तू कापडं शिव. भित्री भागूबाई कुठली."

पुढे दोनेक महिन्यांनी मास्तरांना आपल्या हत्यारांसाठी भिंतीवर कपाट हवंसं वाटलं. एकतीस वर्षांचे पाने, पकडी, जुने रेग्युलेटर खोक्यात पडून होते. कपाटाची जागा त्यांनी स्वयंपाकघरात ठरवली आणि तिथेच पाइप आडवा आला. पाइपला हात लावायचा नाही, असं कंपनीचं सांगणं होतं. मास्तरांनी दुपारभर खपून पोटमाळ्याच्या उंचीवरचा सांधा सोडवला, पाइप हातभर सरकवला आणि पुन्हा जोडला. साबणाचा फेस घेऊन खालचे सगळे सांधे तपासले, एकही बुडबुडा आला नाही. वरच्या सांध्यासाठी मात्र पुन्हा जिना चढायला हवा होता. एव्हाना त्यांचे गुडघे दुखत होते.

"वरच्याला लावू का मी फेस? मी वरच आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"काही गरज नाही. गळला तर खालीच येणार आहे."

थंडी पडली तशी दारं-खिडक्या बंद राहू लागल्या. मास्तरीणबाईंचं डोकं दुखायला लागलं. बाजारातून त्या परत आल्या की स्वयंपाकघरात पाऊल टाकताक्षणी सडक्या अंड्यासारखा वास यायचा; जिना चढून मशीनवर बसून पहिली शिवण घालेपर्यंत तो नाहीसा व्हायचा. त्यांना आपल्याच नाकाचा भरवसा वाटेना.

"अहो, वास येतोय."

मास्तर खुर्चीतून उठायचे, कण्हत गुडघ्यांवर बसायचे, जाळीपाशी नाक नेऊन खोल श्वास घ्यायचे. "काही नाही."

"वर येतो, वर."

"बरं, आत्ता येतोय?"

"आत्ता... आत्ता नाही येत."

"संपलं तर मग." आणि ते पुन्हा टीव्हीसमोर जायचे. ही दोघांची रोजची कवायत झाली. शेजारी एक परिचारिका राहायची, दिवसाआड ड्यूटी असलेली, तोंडाने फटकळ. तिने एकदा मापं द्यायला आल्यावर नाक मुरडलं. "काकू, काहीतरी कुजलंय तुमच्याकडे." मास्तर पुढच्या खोलीतून ओरडले, "हिची अक्कल!" आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसत बसले.

त्या दिवशी दुपारी मास्तरीणबाई कुणाचा तरी कोट उसवत होत्या. सकाळी बाहेरून आल्या तेव्हा वास एवढा उग्र होता की डोळ्यांत पाणी आलं होतं. वर बसल्यावर नेहमीप्रमाणे वास मेला, पण डोकं गरगरू लागलं. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसल्या.

"अहो, कंपनीला फोन करा. मी सांगते, आज जास्त आहे."

मास्तरांची मॅच चालू होती. "फोन करून काय सांगू? मास्तरांच्या घरात गळती आहे, या आणि आम्हाला वाचवा? गावभर छी-थू करून घेऊ?"

"मग मी करते."

हे शब्द बाहेर पडल्यावर त्या स्वतःच दचकल्या. मास्तर उठून स्वयंपाकघरात आले. चेहरा शांत होता, जसा त्यांचा फार चिडल्यावर व्हायचा. त्यांनी मागचं दार लावून घेतलं, खिडकी ओढली. "वारा नको. आज एकदाच दाखवतो तुला. मग पुन्हा या विषयावर ब्र काढायचा नाही." आणि ओट्यावरची काड्यापेटी उचलली.

आपल्या शिष्यांपैकी कुणी हे केलं असतं तर मास्तरांनी त्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. पण शिष्यांसमोर जिंकावं लागत नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले, काडी जाळीपाशी नेली आणि ओढली.

ज्योत सरळ उभी राहिली. खाली हवा स्वच्छ होती.

"कुठाय तुझा गॅस? दाखव!" ते वर बघून म्हणाले. आणि एक हात गुडघ्यावर दाबत, दुसऱ्या हातात ती पेटती काडी मशालीसारखी धरून उठू लागले.

मास्तरीणबाईंना ती ज्योत वर येताना दिसत होती. कमरेशी आली. छातीशी आली. कापडावर शिंपडायला ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी होता. त्यांनी तो नवऱ्याच्या डोक्यावर उपडा केला.

काडी चुर्र करून विझली. मास्तरांच्या केसांतून पाणी गळत होतं. छत्तीस वर्षांच्या संसारात असं काही घडलेलं नव्हतं. मग त्यांनी आवाज चढवला. "डोकं फिरलंय का तुझं? नवऱ्यावर पाणी..."

"ओरडा, पण बाहेर जाऊन ओरडा," मास्तरीणबाई जिना उतरत म्हणाल्या. त्यांनी मागचं दार सताड उघडलं, खिडकी उघडली, दिव्याच्या बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. अनवाणी बाहेर जाऊन मीटरपाशी कॉकची दांडी आडवी केली. परिचारिकेच्या दाराची बेल न वाजवता दोन्ही तळव्यांनी दार बडवलं. स्टिकरवरचा नंबर त्यांना पाठ होता. रोज जिना चढता-उतरता आणखी वाचायला होतं काय?

अर्ध्या तासात कंपनीची गाडी आली. बरोबर एक अधिकारी बाई होत्या, पायांत जाड बूट, हातात गॅस मोजायचं यंत्र. यंत्राची नळी त्यांनी जमिनीशी धरली, आकडा शून्य. मास्तरांनी ओल्या केसांनी सगळ्यांकडे विजयाने पाहिलं. कमरेशी शून्य. खांद्याशी आकडा हलला. जिन्याच्या वरच्या पायरीवर यंत्र किंचाळायला लागलं.

"दारं अर्धा तास उघडी असून छताशी अजून शंभरात चार भाग आहे," बाई खाली येत म्हणाल्या. "आधी किती असेल ते तुम्हीच समजा. वर बाहेर जायला वाट नाही त्याला. दाराच्या चौकटीच्या वरचं सगळं तिथेच साचलंय. वर कोण बसतं?"

"मी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मशीनला मोटर नाही म्हणून वाचलात. मोटर असती तर आज आम्हाला विटा उचलायला लागल्या असत्या."

मास्तरांनी ताबडतोब हे उचललं. "मीच बसवू दिली नाही मोटर!"

प्लायवूड उचकटलं गेलं. वरचा सांधा सापडला. कॉक क्षणभर उघडून फेस लावताच मुठीएवढा बुडबुडा आला. बाईंनी कागद काढला. "हा सांधा कुणी केलाय?"

"तुमच्याच माणसाने," मास्तर म्हणाले. "तो चष्मेवाला. आजकाल कामं कशी करतात, बघा!"

त्यांनी बायकोकडे पाहिलंही नाही, इतकी त्यांना तिची खात्री होती. मास्तरीणबाई जमिनीवरचं पाणी पुसत होत्या. प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता. फडकं पिळलं, पुन्हा पुसलं, जमीन कोरडी झाल्यावरही पुसत राहिल्या. आणि कागद लिहून झाला.

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. वेळीच गळती ओळखून अनर्थ टाळल्याबद्दल ज्येष्ठ व अनुभवी ग्राहक म्हणून मास्तरांचं अभिनंदन. कनेक्शन त्यांच्या नावावर होतं, तेव्हा पत्र दुसऱ्या कुणाच्या नावाने येणार? मास्तरांनी त्याला फ्रेम करून घेतली. तोपर्यंत गोष्टही तयार झाली होती : बायको वर शिवत बसलेली, तिला पत्ताच नाही, आणि यांनी खालून नुसत्या अंदाजाने ओळखलं. पाण्याचा भाग गोष्टीत नव्हता. फ्रेम कुठे लावायची याचा त्यांनी दोन दिवस विचार केला आणि स्वयंपाकघरातून मान वर केली की दिसेल अशी जागा पसंत केली. तिथे एक खिळा आयताच शिल्लक होता. झरोक्यावरचा.

त्यानंतरच्या आठवड्यात तपासणीला नवा माणूस आला. मास्तर केस कापायला गेले होते. मास्तरीणबाईंनी सहज विचारलं, "तो चष्मेवाला नाही आला?"

"काढलं त्याला, काकू. तुमच्याच घराच्या सांध्यावरून. तो ओरडून सांगतोय, मी पाइप सरळ नेला होता, कपाट नव्हतंच. पण पुरावा काय? आता ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांनी लिहून दिलं तर काही होईल."

मास्तरीणबाई दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या कार्यालयात गेल्या. सगळं सांगितलं : कपाट, सांधा, फळी. कारकून ऐकत होता, कारण त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुसरं काम नव्हतं. मग त्याने संगणकात पाहिलं.

"तुमचं नाव दिसत नाही इथे."

"मी त्या घरात राहते. सांधा माझ्या डोक्यावर होता."

"असेल हो, काकू. पण ग्राहक ते. त्यांच्या सहीने आणा. तुमच्या सांगण्यावर कसं चालेल?"

मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, आता कशाला उकरून काढतेस? बाबांना या वयात खाली मान घालायला लावणार का?" चष्मेवाल्याचं वय काय, हे तिने विचारलं नाही.

घरी आल्यावर मास्तरीणबाई जिना चढल्या, झरोक्यावरची फ्रेम काढली, खाली आणली आणि जमिनीवर, त्या वीतभर उंचीच्या जाळीशेजारी भिंतीला टेकवून ठेवली.

"हे काय?" मास्तर.

"तुमचा गॅस खाली बसतो ना? मग तुमचं पत्रही खाली बसू दे."

कोरा कागद आणि पेन त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवलं. "पाइप तुम्ही सरकवलात, एवढं लिहून द्या. त्या माणसाचं काम गेलंय."

"मी लिहिणार नाही."

"नका लिहू. मला शेगडी पेटवायची भीती वाटते. मी भित्री आहे ना."

पहिल्या दिवशी मास्तरांनी पाव आणून खाल्ला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या परिचारिकेने विचारलं, "काका, काकू आजारी आहेत का?" आणि उत्तराची वाट न बघता हसून गेली. तिसऱ्या दिवशी ते स्वतः शेगडीपाशी गेले, कॉककडे पाहिलं, नकळत छताकडे पाहिलं, आणि काडी न ओढता परत आले. वर मशीन चालू होतं. झरोक्यातून येणारा वारा गार होता. मास्तरीणबाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता.

चौथ्या दिवशी सकाळी कागद जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवलेला सापडला. मास्तर फिरायला निघून गेले होते. मास्तरीणबाईंनी तो उभ्यानेच वाचला. अक्षर सुरेख होतं, धडे देणाऱ्या माणसाचं.

"पाइप सरकवण्याचे काम माझ्या हातून झाले हे खरे. ते मी पत्नीच्या सांगण्यावरून केले. कपाटाचा हट्ट तिचा होता. झरोकाही तिला थंडी वाजते म्हणून तिच्या सांगण्यावरून बंद केला. कंपनीच्या फिटरचा यात दोष नाही." खाली लफ्फेदार सही.

त्यांनी ते दोनदा वाचलं. दुसरा कागद मागता आला असता. पण दुसरा कागद म्हणजे आणखी चार दिवस, आणि चाराचे किती होतील कुणी सांगावं. शिवाय शेवटचं वाक्य बरोबर होतं, आणि सही खरी होती. त्यांनी कागदाची घडी घातली, चप्पल पायांत सरकवली आणि कार्यालय गाठलं.

कारकुनाने वाचता वाचता मान हलवली. "काकू, काकू. कशाला असले हट्ट करायचे? एवढे जाणकार यजमान घरात असताना?"

"त्याला परत घेतील ना?"

"चौकशी होईल. घेतील बहुतेक."

"पोच द्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्याने कागदाची प्रत काढून तिच्यावर शिक्का मारला. घरी येऊन त्यांनी आधी कुकर लावला, मग वर जाऊन ती प्रत मशीनच्या खणात, रिळांच्या खाली ठेवून दिली. छत्तीस वर्षांत या घरात त्यांच्या सांगण्यावरून काही झालं, याचा तो पहिलाच लेखी पुरावा होता.